दोन अंडरटेकर आणि एक खोटा आरोप

कुस्तीच्या फडावर भाषणं करणारे, कुस्तीच्या ऱ्हासावर हळहळणारे लेख लिहिणारे आणि पारावर बसून या दोघांना मान डोलावणारे लोक गेली तीस वर्षं एकच गोष्ट सांगत आले आहेत. नव्वदच्या दशकात केबल आली, केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ ही अमेरिकी कुस्ती आली, पोरं त्या खोट्या कुस्तीच्या नादी लागली आणि आपली खरी कुस्ती मेली. आमच्या बोरीत हेच ऐकायला मिळतं, जिंतुरात हेच, परभणीतही हेच. इतक्या वेळा सांगून झालं आहे की आता कुणी त्याला पुरावा मागत नाही. मी मागतो आहे, कारण ज्या पोरांवर हा ठपका ठेवला जातो ती आम्ही आहोत.

आरोप करणाऱ्यांनी तो कार्यक्रम कधी डोळे उघडे ठेवून पाहिला होता का, इथूनच शंका आहे. म्हणून मी एकच कार्यक्रम समोर ठेवतो. २९ ऑगस्ट १९९४, अमेरिकेतलं शिकागो शहर, नुकतंच बांधून झालेलं युनायटेड सेंटर. कार्यक्रमाचं नाव समरस्लॅम. त्या रात्रीची शेवटची लढत होती अंडरटेकर विरुद्ध अंडरटेकर. टीकाकारांच्या हातात आयतं कोलीत द्यायचं तर याहून सोयीची लढत सापडणार नाही, आणि मी ती मुद्दामच घेतो आहे.

त्या वर्षीच्या जानेवारीत रॉयल रंबल या कार्यक्रमात योकोझुना आणि त्याच्या मदतीला धावून आलेल्या दहाएक मल्लांनी अंडरटेकरला शवपेटीत कोंडलं होतं. पेटीतून धूर निघाला, पडद्यावर त्याची आकृती वर चढताना दिसली आणि तो नाहीसा झाला. आमच्याकडे हे भाग उशिरा यायचे, मागचे पुढे आणि पुढचे मागे व्हायचे, वीज असली तर दिसायचे. ज्याच्या घरी रंगीत टीव्ही आणि केबलची वायर, त्याच्या ओसरीपर्यंत पोरं बसलेली असायची. अंडरटेकर मेला ही बातमी बोरीत पक्की झाली. त्याला सात जन्म आहेत आणि तो परत येणार, हीही झाली. ही दुसरी बातमी तर देशभरातल्या पोरांमध्ये पसरलेली होती. मग टेड डिबियासी नावाचा श्रीमंतीचा माज दाखवणारा खलनायक सांगू लागला की अंडरटेकरला मीच परत आणलं. अंडरटेकरचा जुना मॅनेजर पॉल बेअरर म्हणाला, हा माझा नव्हे. शिकागोत दोघे समोरासमोर आले. एकाचे हातमोजे जांभळे, दुसऱ्याचे राखाडी.

लढत वाईट होती. दोघांनाही संथ चालायचं, न दुखल्यासारखं उभं राहायचं असं सोंग. अशा दोघांची झुंज रंगणार कशी? हजारो माणसं जवळपास गप्प बसली होती. अखेर जांभळ्या हातमोज्यांच्या खऱ्या अंडरटेकरने दुसऱ्याला तीनदा उलटं धरून डोक्यावर आपटलं आणि खेळ संपला. मी आज ती पुन्हा पाहतो तेव्हाही ती वाईटच वाटते. टीकाकारांना एवढं बिनशर्त देऊन टाकतो.

पण त्याच रात्री, त्याच रिंगणात, या लढतीच्या आधी ब्रेट हार्ट आणि ओवेन हार्ट हे दोन सख्खे भाऊ लोखंडी पिंजऱ्यात उतरले होते. दारातून किंवा वरून जो आधी बाहेर पडेल तो जिंकला, इतकाच नियम. कॅनडातल्या कॅलगरीचं हे घराणं; बाप स्टू हार्ट याने घराच्या तळघरात तालीम उघडली होती आणि तिथे पोरांच्या किंकाळ्या निघेपर्यंत डाव घोटून घेतले जायचे. धाकटा ओवेन म्हणत होता, मी कायम थोरल्याच्या सावलीत राहिलो. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, रेसलमेनियाच्या दहाव्या वर्षी, त्याने थोरल्याला स्वच्छ हरवलं होतं. आणि त्याच रात्री थोरला पुढची लढत जिंकून जगज्जेता झाला. धाकटा बाजूला उभा राहून भावाचा सत्कार बघत होता. बांधाच्या हातभर जमिनीवरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद असलेली घरं ज्या मुलखात गल्लोगल्ली आहेत, तिथल्या पोरांना इंग्रजीचं एक अक्षर न कळताही या दोघांचं सगळं कळत होतं.

पिंजऱ्यातली ती लढत अर्ध्या तासाहून जास्त चालली. एक जण वर चढतो, दुसरा पाय धरून खाली ओढतो. दोघेही पिंजऱ्याच्या माथ्यावर बसून एकमेकांना मारतात. एकाचं बोट दाराच्या चौकटीला लागतं आणि दुसरा त्याला केसाला धरून मागे खेचतो. शेवटी दोघेही बाहेरच्या बाजूने उतरत असताना ओवेनचा पाय जाळीत अडकला, तो उलटा लटकला आणि ब्रेट जमिनीवर टेकला. हरणारा कसा हरला हे दाखवायची ही रीत किती विचाराने शोधलेली आहे ते पाहा. धाकट्याच्या तक्रारीला त्यात जागा ठेवलेली आहे. मी हरलो नाही, पाय अडकला, असं तो पुढे वर्षभर म्हणू शकत होता. हे ज्यांनी रचलं आणि ज्यांनी अंगावर घेतलं, त्यांना आपल्या कामाची जाण होती. निकाल आधी ठरलेला होता म्हणून पिंजऱ्याचं लोखंड मऊ झालं नव्हतं.

आता त्या ‘खोटं’ शब्दाकडे येऊ. फसवणूक व्हायला लपवाछपवी लागते. डब्ल्यूडब्ल्यूएफवाल्यांनी १९८९ सालीच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपला धंदा करमणुकीचा आहे, स्पर्धेचा नाही, असं अधिकृतपणे सांगून टाकलं होतं. अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांत ते छापून आलं. म्हणजे बोरीत केबलची पहिली वायर ओढली जाण्याआधी हे उघड झालेलं होतं. आमच्यातल्या लहानांना ते माहीत नव्हतं हे खरं. पण दहावीपर्यंत पोचलेल्या प्रत्येकाला ते कळलेलं होतं आणि तरीही तो बघत होता. रामायण मालिकेत रावण मरतो तेव्हा तो नट संध्याकाळी घरी जाऊन जेवतो हे आमच्या आज्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी टीव्हीला हात जोडायचं सोडलं नाही. प्रेक्षक एवढा भाबडा नसतो.

खरा दोष याच १९८९ च्या कबुलीत दडलेला आहे, आणि आरोप करणाऱ्यांपैकी एकालाही तो दिसलेला नाही याची मला चीड येते. ती कबुली प्रामाणिकपणापोटी दिलेली नव्हती. स्पर्धा म्हटली की राज्याचा क्रीडा आयोग येतो, परवाने येतात, कर येतो, लढतीआधी मल्लांची वैद्यकीय तपासणी येते. करमणूक म्हटली की हे सगळं टळतं. कंपनीने ते टाळलं. मल्ल कंपनीचे नोकर नव्हते, स्वतंत्र कंत्राटदार होते. वर्षातले शेकडो दिवस गावोगाव फिरून अंग आपटून घ्यायचं, आणि दुखापतीनंतरच्या आयुष्याची जबाबदारी ज्याची त्याची. १९९४ च्या जुलैमध्ये, म्हणजे त्या समरस्लॅमच्या आदल्याच महिन्यात, कंपनीचे मालक विन्स मॅकमहन यांच्यावर मल्लांना स्टेरॉइड पुरवण्याच्या कटाचा खटला न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात चालला. ते निर्दोष सुटले. पण आपण स्टेरॉइड घेत होतो हे हल्क होगन या मल्लाने त्याच न्यायालयात शपथेवर सांगितलं. त्याच होगनची उंची, वजन, छाती आणि दंड छापलेले पत्ते आम्ही दप्तरात घेऊन फिरत होतो.

ओवेन हार्टचं पुढे काय झालं हे या ‘खोट्या कुस्ती’वाल्यांना कुणीतरी सांगितलं पाहिजे. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत एका कार्यक्रमात त्याला छतावरून दोराने रिंगणात उतरवायचं होतं. दोराची कडी सुटली. जवळपास ऐंशी फुटांवरून तो रिंगणात कोसळला आणि गेला. वय चौतीस. त्याला उचलून नेलं आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. ज्या रिंगणात माणूस पडला त्याच रिंगणात पुढच्या लढती झाल्या. योकोझुना २००० मध्ये गेला, तोही चौतिशीत. वजन वाढवत नेणं हीच त्याची कमाई होती आणि त्याच वजनाने त्याला पोखरलं. ब्रिटिश बुलडॉग २००२ मध्ये गेला, वय एकोणचाळीस. शिकागोच्या त्या रात्री भावांच्या लढतीनंतर कठड्यावरून उडी मारून धावत आला होता तोच. ही माणसं आमच्या पत्त्यांवर होती. यांच्या अंगावर जे बेतलं ते खोटं म्हणणाऱ्याला मी कुस्तीचा कैवारी मानायला तयार नाही. ज्याला मल्लाच्या शरीराची कणव नाही, त्याचं लाल मातीवरचं प्रेमही मला खरं वाटत नाही.

आणि हेच लोक दारासिंगांचं नाव निघालं की हात जोडतात. जोडावेतच, मीही जोडतो. पण पन्नास आणि साठच्या दशकांत मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि अवाढव्य किंगकाँग यांच्या ज्या झुंजी व्हायच्या, त्या कोणत्या जातीच्या होत्या? दोरांनी वेढलेलं रिंगण होतं, तिकिटं होती, परदेशी खलनायक होते, लढतीआधी वर्तमानपत्रांत दिलेली आव्हानं होती. किंगकाँगचं खरं नाव एमिल झाया, तो मूळचा हंगेरीचा. सिंगापूरपासून मुंबईपर्यंत त्याने हाच व्यवसाय केला. २९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंगांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. हा थेझ अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचा अनेक वर्षांचा जगज्जेता, म्हणजे ज्या परंपरेतून पुढे होगन आणि हार्ट आले त्याच परंपरेतला बुजुर्ग. दारासिंगांच्या अंगात अस्सल आखाड्याची ताकद होती, डाव होते, कष्ट होते, हे कुणीच नाकारत नाही. तेच ब्रेट हार्टबद्दलही खरं आहे. तो शाळा-कॉलेजात हौशी कुस्ती खेळून आलेला होता. मग एकाला देवघरात आणि दुसऱ्याला उकिरड्यावर, हा न्याय कुठला? दारासिंगांनी किंगकाँगला उचललं की वडिलांच्या पिढीने शिट्ट्या वाजवल्या. ती पिढी बिघडली नाही आणि आम्ही मात्र बिघडलो, हे मला कुणीतरी तर्काने पटवून द्यावं.

खोटं आपल्याला लगेच ओळखू येतं, असंही या मंडळींना वाटतं. शिकागोतल्या त्या राखाडी हातमोज्यांच्या अंडरटेकरचं नाव ब्रायन ली. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, ‘खिलाडियों का खिलाडी’ चित्रपटात अक्षयकुमारशी लढणारा अंडरटेकर म्हणून तोच आला. म्हणजे समरस्लॅममध्ये ज्याला नकली म्हणून हरवलं, तोच हिंदी पडद्यावर अस्सल म्हणून उभा राहिला. आणि मोठमोठी शहाणी माणसं पुढची पंचवीस वर्षं सांगत राहिली की अक्षयकुमारने खऱ्या अंडरटेकरला उचललं होतं. २०२१ मध्ये अक्षयकुमारने स्वतःच तो ब्रायन ली होता असं जाहीर केलं तेव्हा बऱ्याच जणांना धक्का बसला. जांभळे हातमोजे आणि राखाडी हातमोजे यांतला फरक बोरीच्या पोरांना १९९६ मध्ये ठाऊक होता, तोंडाची ठेवण वेगळी आहे हे त्यांना पोस्टर पाहूनच कळलं होतं. त्या पोरांना ‘खोट्याला भुललेली पिढी’ म्हणायचा हक्क नेमका कुणाला आहे?

आता घरचंच बघू. आमच्याकडच्या जत्रांतल्या दंगली मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. सकाळी नारळावरच्या आणि रेवड्यांवरच्या कुस्त्या, उन्हं कलल्यावर मोठे जोड, हलगी, फेटे, शेवटची इनामी कुस्ती. त्यातला आनंद अस्सल आहे. पण नुरा कुस्ती नावाचा प्रकार त्याच फडावर चालतो हे प्रत्येक वस्तादाला माहीत असतं. दोन मल्ल आदल्या रात्री ठरवून येतात. अर्धा तास एकमेकांची मान धरून फिरतात, पट काढल्यासारखं करतात, सोडून देतात. मग पंच कुस्ती बरोबरीत सोडतात आणि इनाम निम्मं निम्मं वाटलं जातं. लांबून बैलगाडीने, टेम्पोने, पायी आलेला शेतकरी उन्हात बसून ही कुस्ती खरी समजून पाहत असतो. त्याला कुणीही, कधीही, कुठल्याही सभागृहात सांगितलेलं नसतं की निकाल ठरलेला आहे. ठरवून लढण्यात पाप असेल तर ते इथे आहे, कारण इथे विश्वास ठेवणाऱ्याची फसवणूक होते. शिकागोच्या माणसांनी तिकीट करमणुकीचं काढलं होतं आणि त्यांना करमणूकच दिली गेली. आमच्या शेतकऱ्याला चितपट कुस्तीचं आमिष दाखवून सोंग दाखवलं गेलं. जत्रेच्या व्यासपीठावरून डब्ल्यूडब्ल्यूएफला शिव्या देणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याच व्यासपीठासमोर झालेल्या नुरा कुस्तीबद्दल तोंड उघडलं? मी तरी एकही ऐकला नाही.

राहिला मुख्य आरोप, गावची कुस्ती मेल्याचा. तारखाच बोलतील. खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत ऑलिम्पिकचं कांस्य जिंकलं ते १९५२ मध्ये. तिकडे जायला सरकारकडून पुरेसे पैसे मिळाले नाहीत. गावाने वर्गणी काढली, कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. परत आल्यावर कराडजवळच्या गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि त्यानंतर देश त्यांना विसरला. १९८४ मध्ये अपघातात ते गेले तोवर त्यांच्या वाट्याला एकही राष्ट्रीय पुरस्कार आला नव्हता. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, दीड दशक उलटून गेल्यावर. उपग्रह वाहिन्या भारतात आल्या १९९१ मध्ये. खाशाबांची उपेक्षा कोणत्या अंडरटेकरने केली?

खाशाबांच्या पदकानंतर भारताला कुस्तीत ऑलिम्पिक पदक मिळालं थेट २००८ मध्ये, सुशीलकुमारचं. मधली छप्पन्न वर्षं मोजली तर त्यांतली जवळपास चाळीस डब्ल्यूडब्ल्यूएफ दिसण्याच्या आधीची आहेत. आणि सुशीलकुमारचा जन्म १९८३ चा, योगेश्वर दत्तचा १९८२ चा. म्हणजे आमच्याच वयाची ही पोरं. दिल्लीत आणि सोनिपतमध्ये केबल नव्हती असं कुणी म्हणणार आहे का? तीच वाहिनी, तोच होगन, तेच पत्ते. फरक असा की त्यांच्या जवळ छत्रसाल स्टेडियम होतं, सत्पाल यांच्यासारखे गुरू होते, गादी होती, आणि पदक आणलं तर पोलिसात किंवा रेल्वेत नोकरी मिळेल याची खात्री होती. जिथे हे होतं तिथे टीव्हीने कुस्तीचं काही बिघडवलं नाही. जिथे हे नव्हतं तिथे टीव्ही नसता तरी कुस्ती टिकली नसती.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हिंदकेसरी झाले, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकलं. पण ते घडले कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत, आणि पुढे त्यांनी शिष्य घडवले पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. काका पवारही लातूरचे, अर्जुन पुरस्काराचे मानकरी. त्यांचं संकुल पुण्यात कात्रजला. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे १९९१ चा, म्हणजे जन्मापासून केबलच्या काळातला. तो आधी बिराजदारांकडे आणि त्यांच्यानंतर काका पवारांकडे शिकला, २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला. गुरूही मराठवाड्याचे, शिष्यही मराठवाड्याचा, आणि दोघांची गाठ पडायला पुणे गाठावं लागलं. आमच्या कुस्तीचं दुखणं काय आहे हे या एका उदाहरणात कळतं. परभणीचं, हिंगोलीचं, जालन्याचं पोरगं अंगाने कमी नाही. त्याला पुण्यात खोली भाड्याने घेऊन राहायचा आणि रोजच्या बदाम, दूध, तुपाचा खर्च झेपत नाही.

कोरडवाहू कापूस आणि तुरीवर जगणाऱ्या घरात एका पोराचा खुराक म्हणजे बाकीच्यांच्या ताटातली कपात. पाऊस चुकला की पहिली म्हैस विकली जाते आणि तिच्याबरोबर पहिलवानाचं दूध जातं. अशा वेळी बाप पोराला म्हणतो, राजा, आता तालीम पुरे, कामाला लाग. मी अशी घरं पाहिली आहेत. तिथे टीव्हीचा काही संबंध नव्हता. काही घरांत तर टीव्हीच नव्हता. शिवाय आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर होते. बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद गादी, तिच्यासाठी पक्कं छत आणि रोज शिकवणारा पगारी प्रशिक्षक, एवढं पाहिजे. मातीत घडलेला पोरगा जिल्हा स्पर्धेला गेला की पहिल्यांदा गादीवर पाय ठेवतो, गुणांचे नियम त्याला तिथेच कळतात, आणि पहिल्या फेरीत हरून तो परत येतो. दुसऱ्या वर्षी तो जात नाही. त्या पोराचं नुकसान योकोझुनाने केलेलं नाही.

वरच्या पातळीवरचा कारभारही पाहावा. २०२३ मध्ये कुस्ती संघटनेच्या दोन गटांनी एकाच महिन्यात दोन वेगवेगळ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरवल्या, एक पुण्याजवळ फुलगावला आणि एक धाराशिवला. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कुस्तीगीर परिषदेची ही परंपरा, १९६१ पासूनची स्पर्धा, आणि एका साली तिचे दोन मानकरी. २०२५ मध्ये अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयावरून भर मैदानात राडा झाला आणि दोन नामांकित मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. चूक मल्लांची की पंचांची, यात मी इथे जात नाही. पण कुस्तीवरचा लोकांचा विश्वास कशाने उडतो हे शोधायला तीस वर्षं मागे, अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही.

एका बाबतीत टीकाकारांचं म्हणणं मला मान्य आहे. त्या कार्यक्रमाचं अनुकरण करताना मुलांना इजा झाल्या. गादीवर, गवतावर, पिकाच्या गंजीवर एकमेकांना उलटं धरून आपटायचे खेळ झाले, हात मोडले, मानेला लचक भरली. घरच्यांनी ओरडायला हवं होतं आणि ते ओरडलेही. नव्वदचं दशक संपता संपता त्या कार्यक्रमात बायकांना ज्या तऱ्हेने उभं केलं गेलं ते लाजिरवाणं होतं. घरात बसून ते बघणं अशक्य झालं. सामोआ वंशाच्या योकोझुनाला जपानी म्हणून उभं करायचं, मीठ उधळायला लावायचं आणि त्याच्याविरुद्ध अमेरिकी झेंडे फडकवायचे, हा प्रकार तेव्हाही हलका होता. हे दोष खरे आहेत आणि ते दाखवायला कार्यक्रम पाहावा लागतो, म्हणूनच ते या आरोपकर्त्यांच्या तोंडून ऐकू येत नाहीत. ते ‘खोटं, खोटं’ एवढंच म्हणत बसतात.

आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आलेली नाही. आमच्याकडच्या दंगलीत बाया नसायच्या. जत्रेला गाव लोटायचं, पण कुस्तीच्या फडाभोवती फक्त पुरुष. कुस्ती म्हणजे काय, चित करणं म्हणजे काय, हे गावातल्या निम्म्या माणसांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. टीव्हीवर ती रिंगणं आली तेव्हा भाकरी थापता थापता आया बघायच्या, बहिणी बघायच्या, कोण जिंकणार यावर आमच्याशी भांडायच्या. ओवेनचा पाय अडकला तेव्हा आमच्या घरात सगळ्यांत जास्त हळहळली ती माझी आत्या. धाकट्यावर अन्याय झाला असं तिचं ठाम मत होतं आणि ते तिने बदललं नाही. शरीराची झुंज ही पाहायची, समजून घ्यायची, तिच्यावर मत द्यायची गोष्ट आहे, हे आमच्या घरातल्या बायकांना त्या कार्यक्रमाने पहिल्यांदा दिलं. आज मुली गादीवर उतरतात तेव्हा त्यांच्या आयांना कुस्तीची भीती कमी वाटते, याला इतर पुष्कळ कारणं आहेत, पण हे एक आहे असं मी मानतो.

तेव्हा ज्यांना बोरीच्या, जिंतूरच्या, परभणीच्या कुस्तीची खरोखर काळजी आहे, त्यांनी व्यासपीठावरून वेगळे प्रश्न विचारावेत. जिल्ह्यात किती तालुक्यांच्या ठिकाणी पूर्ण मापाची गादी आहे आणि तिच्यावर छत आहे? तिथे रोज हजर राहणारा प्रशिक्षक नेमलेला आहे का, आणि त्याचा पगार वेळेवर होतो का? शाळकरी मल्लाला खुराकासाठी महिन्याला काय मिळतं? जत्रेत जमलेल्या इनामातला किती वाटा शेवटच्या एका कुस्तीला जातो आणि सकाळच्या नारळावरच्या पोरांना किती? नुरा कुस्ती करणाऱ्या मल्लाला पुढच्या वर्षी फडावर उतरू देणार का? जत्रेच्या वर्गणीत माझंही नाव असतं. हे प्रश्न मी पंच कमिटीच्या बैठकीत मांडणार आहे, आणि उत्तर म्हणून कुणी अंडरटेकरचं नाव घेतलं तर मी ते मान्य करणार नाही.